साडेदहा फुटी रो-हाउसच्या स्वयंपाकघरात आयलंड: २२ लाखांच्या आराखड्यावर मतं हवीत

रोहाउस_बाणेर

नमस्कार मंडळी. बाणेरमधल्या रो-हाउसचं स्वयंपाकघर पूर्ण फोडून नव्याने करायचं आहे. तळमजला अधिक एक मजला, बांधकाम २००९ चं. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे उजेड-वारा फक्त मागून. खोली आतून १० फूट ६ इंच रुंद, १५ फूट लांब, छत १० फुटांवर. मागच्या भिंतीत ५ फुटी खिडकी आणि तिच्या उजवीकडे ड्राय बाल्कनीत जायचं अडीच फुटी दार. पुढची बाजू डायनिंगला पूर्ण उघडी. गॅस एमएनजीएल कंपनीचा, पाइपचा. पाण्याची टाकी गच्चीवर, उन्हाळ्यात टँकर असतो.

रोज दोन वेळचा स्वयंपाक, पोळ्या-भाकऱ्या, आठवड्यातून दोनदा मासे. ओट्याशी उभे राहणारे दोघे, उंची ५ फूट २ इंच आणि ५ फूट ९ इंच.

डिझायनरने दिलेलं असं: मधोमध ७ बाय ३ फुटांचं आयलंड (चारही बाजूंनी मोकळा ओटा), त्यावरच गॅस हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), वर छतातून लटकणारी, डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) नसलेली चिमणी. ओट्याला पांढरा क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड). शटर, म्हणजे कपाटांची दारं, हाय-ग्लॉस पीयू रंगाची, एमडीएफवर (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), सगळी बिनहँडलची. कॅबिनेट एचडीएचएमआरची (तशीच, पण जास्त दाट आणि ओल सोसणारी फळी), थेट छतापर्यंत. कोटेशन २२ लाख, उपकरणं वेगळी. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण ते योग्य जागी जावेत. यात काय बदलाल?

गुण्या_ओळंबा

आधी टेप घ्या. साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. भिंतीचा ओटा २५, ओटा आणि आयलंड यांच्यात वावरायला ४२, आयलंड ३६. झाले १०३. पलीकडे उरले २३ इंच, आणि त्या भिंतीवर अजून फ्रिजही ठेवलेला नाही. हातात परात घेऊन कुणी तिथून जाऊ शकणार नाही. चित्रात आयलंड छान बसतं, कारण त्या चित्रातला कॅमेरा भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या घरात उभा असतो.

तुमच्या रुंदीत पेनिन्सुला बसते, म्हणजे एका भिंतीला चिकटून आडवा बाहेर आलेला ओटा. मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे आहात असं धरा. डावी भिंत १८० इंच लांब. मागच्या कोपऱ्यापासून मोजलं तर पहिले २५ इंच कोपऱ्यात जातात, मग चिरण्या-मळण्याची मोकळी जागा ३६, मग हॉब ३६, मग ५३ इंच मोकळा ओटा (मिक्सर, उतरवलेला कुकर, ताटं वाढणं), आणि शेवटचे ३० इंच ही पेनिन्सुला. ती भिंतीपासून ६० इंच बाहेर काढा, ७२ नको. समोरच्या भिंतीवर २४ इंच खोलीची उंच कपाटं आली की ६० वर ४२ इंचांची वाट उरते, ७२ वर फक्त ३० उरेल.

सिंक मागच्या भिंतीला, खिडकीखाली. तिथे कोपरा आणि दार सोडून साधारण ६२ इंच मिळतात: सिंकचं ३६ चं कपाट, शेजारी २४ चा डिशवॉशर, २ इंच फिलर (उरलेली फट झाकणारी पट्टी). सांडपाणी सरळ बाहेर जातं, फरशीखालून पाइप फिरवावा लागत नाही. बाल्कनीचं दार मात्र बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, नाहीतर ते डिशवॉशरच्या उघड्या झाकणावर आपटेल.

उजव्या भिंतीवर उंच कपाटं: कोठीचं २४, ओव्हनचं २४, फ्रिजला ३८. फ्रिज डायनिंगच्या टोकाला ठेवा, म्हणजे पाणी-दही घ्यायला येणारा फोडणीच्या मध्ये येत नाही. भिंतीलगत फ्रिज आला तर बिजागरीच्या बाजूला ३-४ इंचांचा फिलर हवाच. दार ९० अंशांच्या पुढे उघडलं नाही तर आतले भाजीचे खण ओढताच येत नाहीत.

डावा ओटा आणि उजवी कपाटं यांच्यात मग ७७ इंच राहतात. एकट्याला जरा लांब, दोघांना उत्तम. त्यातले ३ इंच घेऊन डावा ओटा २५ ऐवजी २८ इंच खोल करा. मागच्या ३ इंचांत मिसळणाचा डबा, तेलाचं भांडं, चार्जिंगचे सॉकेट असलेली खाच बसते आणि कामाची जागा कमी होत नाही. माझ्या मते आयलंडपेक्षा हा खर्च जास्त उपयोगी.

हे आकडे कागदावरचे. इतक्या वर्षांची भिंत गुण्यात (काटकोनात) असेल असं धरू नका. रुंदी खाली, ओट्याच्या उंचीला आणि ७ फुटांवर, तिन्ही ठिकाणी पुढे-मध्ये-मागे मोजा आणि सगळ्यांत लहान आकडा धरा. दोन्ही टोकांना १ ते २ इंच फिलर ठेवला तर चार सूत (अर्धा इंच) इकडेतिकडे झालेलं खपून जातं.

धूर_गेला_कुठे

हॉब आणि चिमणीबद्दल. आयलंडवर गॅस हॉब ठेवायचा तर गॅसची नळी फरशीखालून न्यावी लागेल. गॅस कंपनी पाइप गाडू देत नाही, तो उघडा, दिसेल असाच हवा. आराखडा काढणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं होतं.

डक्ट नसलेली चिमणी हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडते. तेलकटपणा थोडा अडतो, वाफ आणि उष्णता अजिबात अडत नाही. बांगडे तळल्यावर कोळसा किती दिवस तग धरेल ते तुम्हीच ठरवा. तुमचा हॉल-डायनिंग उघडा आहे, म्हणजे वास सोफ्याच्या कापडात जाणार.

खोलीचं घनफळ १० फूट ६ इंच गुणिले १५ गुणिले १०, म्हणजे १५७५ घनफूट, साधारण ४५ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ५४० घनमीटर, आणि पुढची बाजू उघडी असल्यामुळे प्रत्यक्षात ७०० च्या आसपास ओढ मिळाली पाहिजे. चिमणीच्या खोक्यावरचा तासाला १२०० घनमीटरचा आकडा डक्ट न जोडता मोजलेला असतो. डक्ट जोडला, वळण दिलं, फिल्टरला तेल लागलं की तो झपाट्याने उतरतो. म्हणून १२०० चं यंत्र घ्या आणि डक्ट पूर्ण ६ इंची ठेवा. ६ इंची पाइपचा छेद १८२ चौरस सेंटिमीटर, ४ इंचीचा ८१. शेवटच्या फुटात कुणी ४ इंचीचा रिड्यूसर लावला तर निम्म्याहून जास्त वाट बंद, आणि वर आवाज दुप्पट. चिमणी घोंघावते अशी तक्रार बहुतेक वेळा मोटरची नसते, अशा गळपट्ट्याची असते. अकॉर्डियनसारखा ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप चिमणीजवळ फूटभर चालेल, बाकी कडक पाइप लावा. लवचीक पाइपच्या वळ्यांत तेल साठतं.

वर दिलेल्या मांडणीत हॉबचा मध्य मागच्या भिंतीपासून साडेसहा फुटांवर येतो. चिमणीतून वर, एक काटकोन, मग डाव्या भिंतीलगत वरच्या कपाटांच्या डोक्यावरून सरळ मागच्या भिंतीतून बाहेर. एकच वळण, छान आहे. फक्त भोक कुठे पाडायचं ते पाहा. स्लॅबखाली साधारण दीड फूट आरसीसी बीम असते आणि खिडकीचा लिंटल (वरची आडवी पट्टी) ७ फुटांवर. भोक या दोघांच्या मधल्या विटांत, साडेसात ते साडेआठ फुटांच्या पट्ट्यातच बसलं पाहिजे. बीमला कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक) करायचं नाही, कुणी कितीही सहज म्हणालं तरी. फॉल्स सीलिंगची उंचीही याच्यावरून ठरते, उलट नाही.

धुराचं तोंड ड्राय बाल्कनीच्या कठड्याबाहेर न्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडू नका. आणि बाल्कनीत गॅस गीझर असेल तर जास्त जपा: दारं-खिडक्या बंद करून मोठी चिमणी चालवली की ती हवा कुठून तरी ओढणारच, आणि गीझरचा जळका वायू उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नसतो. गीझर विजेचा करा, किंवा चिमणी चालू असताना खिडकी चार बोटं उघडी राहील अशी सोय करा. खिडकी उघडी ठेवली की चिमणीचीही ओढ वाढते.

हॉब घेताना पाइप गॅसचा आहे हे सांगून घ्या. घरगुती सिलिंडरचा गॅस हॉबला ३० मिलिबारने मिळतो, पाइपचा २१ ने, त्यामुळे जेट वेगळे लागतात. सिलिंडरचे जेट ठेवले तर ज्योत मरगळलेली येते आणि लोक बर्नरला दोष देतात. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा सेन्सर प्रत्येक बर्नरला हवा. हॉबखालच्या कपाटाला हवा खेळायला मागे किंवा स्कर्टिंगमध्ये (कपाटाखालच्या पट्टीत) जाळी ठेवा. काच फुटण्यामागे बहुतेकदा दोन कारणं: खालून कोंडलेली उष्णता आणि बर्नरबाहेर पसरलेला अवाढव्य तवा.

हॉबपासून चिमणी ६५ ते ७५ सेंटिमीटरवर.

रोहाउस_बाणेर

आयलंडचा नाद सोडला. हॉब इंडक्शन घेतला तर गॅसचा प्रश्नच मिटेल ना? आणि कॅबिनेटच्या मालाबद्दल कुणी सांगेल का? एक जण एचडीएचएमआर म्हणतो, दुसरा ७१० प्लाय, तिसरा पूर्ण स्टेनलेस स्टील.

धूर_गेला_कुठे

पूर्ण इंडक्शनवर पितळी, तांब्याची, ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत, गोल बुडाची कढई चालत नाही, भाकरी ज्योतीवर फुगवता येत नाही. दोन बर्नरचा गॅस आणि शेजारी दोन झोनचं इंडक्शन, असं जोडीने बसवा. दूध, चहा, डाळ, भाताला इंडक्शन आणि फोडणी-भाकरीला गॅस.

सूत_आणि_इंच

मालाचं उत्तर जागेनुसार बदलतं, सगळं घर एकाच पाटीचं (फळीचं) करायची गरज नाही.

सिंक, डिशवॉशर आणि पेनिन्सुलाच्या खालची कॅबिनेट: १८ मिमी प्लाय, आयएस (भारतीय मानक) ७१०. हाच मरीन ग्रेड. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला कमी टिकणारा ग्रेड, सर्रास खपवतात. दोन्हींत फरक उकळण्याच्या चाचणीचा आहे, ७१० ला मानकानुसार ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. पाटीवर आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. कापलेल्या कडेत पोकळ्या दिसल्या तर माल परत.

शटरला एचडीएचएमआर चांगलं, कारण ते सरळ राहतं. प्लायची उंच शटरं पिळतात. पण ते जड आहे: १८ मिमीची ८ बाय ४ ची पाटी साधारण ४५ किलो, प्लाय ३५-३७. त्यामुळे बिजागऱ्या मोजून लावाव्या लागतात: ३ फुटांपर्यंत दोन, ५ फुटांपर्यंत तीन, ८ फुटी शटरला पाच. छतापर्यंत अखंड १० फुटी शटर करू नका. ७ फुटांवर तोडा आणि वर माळ्यासारखं वेगळं कपाट ठेवा. शटरच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचा थर असला पाहिजे. बाहेर १ मिमी लॅमिनेट आणि आत पातळ लायनर लावला की वर्षभरात शटर धनुष्यासारखं वाकतं.

एचडीएचएमआरच्या कडेत स्क्रू थेट मारायचा नाही, आधी बारीक ड्रिल करून मारायचा. एकच स्क्रू तीनदा काढला-घातला की पकड गेली. वॉरंटीवर भर देणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

पीयू रंगाला माझा विरोध नाही, एमडीएफला आहे. सिंकच्या आणि डिशवॉशरच्या शेजारी एमडीएफची कड वाफेने फुगते आणि रंगाला केसासारखी चीर जाते. पीयू हवाच असेल तर तो एचडीएचएमआरवर, आणि तोही वरच्या व उंच कपाटांना. खालच्या ट्रॉल्यांना बोटांचे ठसे न उमटणारं मॅट लॅमिनेट लावा. हाय-ग्लॉस काळा किंवा गडद निळा रंग घेतलात तर दिवसातून दोनदा पुसायची तयारी ठेवा. ॲक्रिलिकवर ओरखडा पडला की शटर बदलावं लागतं, पीयू निदान पॉलिश करून परत रंगवता येतो.

कडेची पट्टी २ मिमीची आणि पीयूआर गोंदाने चिकटवलेली मागा. साधा ईव्हीए गोंद वाफेने मऊ होतो, पट्टी सुटते, आणि तिथून पाणी आत जातं. डिशवॉशरच्या वर ओट्याच्या खालच्या अंगाला वाफ अडवणारी पट्टी चिकटवायची असते, ती यंत्रासोबत येते आणि सुतार बहुतेकदा खोक्याबरोबर फेकून देतात.

बिनहँडलचं काम दिसायला सुंदर, पण पिठाचे हात लक्षात घ्या. गोला प्रोफाइल म्हणजे ओट्याखाली बसणारी ॲल्युमिनियमची खाच. ती दोन-सव्वादोन इंच उंची खाते, म्हणजे वरच्या खणाची उंची तितकी कमी, आणि तिच्यात पीठ साचतं. दाबून उघडणाऱ्या ट्रॉल्या तर ओट्याला टेकून उभं राहिलं की पोटाच्या धक्क्याने उघडतात. खालच्या ट्रॉल्यांना बारीक हँडल ठेवा, उंच कपाटांना प्रोफाइल चालेल.

ट्रॉल्यांत पैसे घाला. ब्लुम, हेटिश, हाफेले, एब्को, कुणाचंही घ्या, पण वहनक्षमता पाहा. ताटं-वाट्यांच्या ३ फुटी खणात स्टील आणि पितळ मिळून सहज ४० किलोच्या वर जातात. तिथे ६५-७० किलोच्या सरक्यांची जोडी घ्या, चमच्यांच्या खणाला ४० ची पुरते. तारेच्या जाळ्या घेणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागा, आणि दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला तर भुलू नका. २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक जेमतेमच धरतो. दोन्हींत फरक दाखवणारं चाचणीचं द्रव मिळतं, एक थेंब टाकला की रंग सांगतो.

पूर्ण स्टेनलेसची कॅबिनेट तळमजल्याला योग्यच, वाळवी-ओल-झुरळ तिन्ही प्रश्न सुटतात. आवाज जरा करतात आणि किंमत मोठी. खर्च विभागायचा तर फक्त सिंकचं कपाट स्टीलचं करा.

कॅबिनेट लावण्यापूर्वी भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेत फूटभर अंतराने १२ मिमीची भोकं पाडून वाळवीचं औषध घालून घ्या. फरशी उघडी आहे तोवरच हे करता येतं. कॅबिनेट ४ इंची पायांवर, स्कर्टिंग क्लिपची, म्हणजे काढून झाडू घालता येतो.

कडप्पा_ते_क्वार्ट्झ

वरच्या बहुतेक मतांशी सहमत. ओट्याच्या दगडाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

पांढरा क्वार्ट्झ हळदीच्या घरात ठेवायचा असेल तर तो पेनिन्सुलावर ठेवा. क्वार्ट्झमध्ये वजनाने ७ ते १० टक्के रेझिन असतं, दीडशे अंशांच्या पुढे ते बिघडायला लागतं. तळणीचं तेल १८० अंशांवर असतं. कढई उतरवून थेट ठेवली की पिवळट गोल उमटतो आणि तो पॉलिशनेही जात नाही. खिडकीतलं ऊन रोज पडत असेल तर पांढरा रंग हळूहळू पिवळाही पडतो.

हॉबच्या आणि सिंकच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट, लेदर फिनिशचा (चकाकी नसलेला, किंचित खडबडीत). ‘लक्झरी’ म्हणून नाक मुरडू नका, ओट्याचा दगड म्हणून अजून त्याला तोड नाही. गोदामात एक परीक्षा करा: कापसावर ॲसिटोन घेऊन घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे, करड्याला काळा केलेला. इटालियन संगमरवर मात्र ओट्यावर नको. लिंबू, कोकम, चिंच, टोमॅटो, काहीही सांडलं की चकाकी जाऊन पांढुरका डाग राहतो. हा डाग वरवरचा नसतो, आम्लाने दगडच खाल्लेला असतो.

तिसरा पर्याय सिंटर्ड स्टोन (खनिजं दाबून, भाजून बनवलेली लादी), १२ मिमी. उष्णतेला आणि हळदीला चोख, पण कडा नाजूक. कापायला साधं हातकटर चालत नाही, वॉटरजेट किंवा सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) लागतं, आणि हॉबच्या भोकाचे कोपरे काटकोनी न ठेवता किमान ५ मिमी गोलाईचे ठेवायचे. काटकोनातूनच तडा सुटतो. खाली अखंड आधार द्यावा लागतो. कारागीर रोज हेच काम करणारा मिळाला तरच घ्या.

क्षेत्रफळ: डावा ओटा १५० गुणिले २८ इंच, मागचा ६२ गुणिले २५, पेनिन्सुला ६० गुणिले ३०. एकूण ५२-५३ चौरस फूट, कापणीतली घट १५ टक्के धरून ६० घ्या. १५० इंचांचा अखंड दगड मिळणं कठीण, जोड येणारच. तो हॉबच्या भोकावर किंवा त्याच्या दोन्ही अंगांना ६ इंचांत येऊ देऊ नका. सिंकच्या पुढची पट्टी किमान ३ इंच रुंद ठेवा आणि तिच्या खालून स्टीलची सळई बसवून घ्या. ओटा मोडतो तो तिथेच.

पेनिन्सुलाला स्टूल लावायचे तर दगड १२ इंचांपर्यंत बाहेर काढता येतो, त्यापुढे लोखंडी ब्रॅकेट. सिंक खालून बसवायचं, १० इंच खोल, ३०४ ग्रेड. आतले कोपरे अगदी काटकोनी नकोत, भाताची शितं अडकतात.

न्यूट्रल_फेज

वीज आणि पाणी थोडक्यात.

बेरीज करा: ओव्हन ३.२ किलोवॅट, दोन झोन इंडक्शन ३.५, डिशवॉशर २.२, मायक्रोवेव्ह १.४, केटल १.५, मिक्सर ०.७५. साडेबारा किलोवॅट, सिंगल फेजवर ५४ अँपिअर. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण वर एसी आणि गीझर आहेतच. मंजूर भार तपासा, तीन फेज नसेल तर महावितरणकडे अर्ज आताच करा. स्वयंपाकघरातले पॉइंट दोन फेजांवर वाटून घ्या.

इंडक्शनला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की तुटणारा स्विच) आणि ४ चौरस मिमी तांब्याची तार. पुढे चार झोनचं ७.२ किलोवॅटचं घ्यायची शक्यता असेल तर आत्ताच ६ चौरस मिमी ओढा, त्याला ३१ अँपिअर लागतात. ओव्हनला ४, डिशवॉशरला अडीच, दोन्हींना वेगवेगळे एमसीबी. सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद करणारा स्विच). फ्रिजचं सर्किट वेगळ्या आरसीसीबीवर, नाहीतर ओट्यावर कुठेतरी ओल लागली की गावाहून येईपर्यंत फ्रिज बंद.

ओव्हनचा सॉकेट ओव्हनच्या मागे नको, शेजारच्या किंवा वरच्या कपाटात. डिशवॉशरचा सॉकेट, पाण्याचा कॉक आणि निचरा, तिन्ही सिंकखाली. यंत्राच्या मागे काही आलं की ते पूर्ण आत सरकत नाही आणि दार ओट्याच्या बाहेर डोकावतं.

सामाईक भिंतीला झिरी मारताना जपा. ६ इंची विटांच्या भिंतीत उभी झिरी २ इंच, आडवी १ इंच, याहून खोल नाही. शेजाऱ्यांचा स्विचबोर्ड पाठीला पाठ असेल तर भिंत आरपार होते, आणि मग त्यांच्या मिक्सरचा आवाज तुमच्या कपाटात येतो. पॉइंट वरून उभे उतरवा, आडव्या झिऱ्या टाळा.

टाकीचा तळ तुमच्याकडे जमिनीपासून २४ फुटांच्या आसपास असेल. डिशवॉशरच्या कॉकपर्यंत २२ फूट, म्हणजे ०.६६ बार. बऱ्याच डिशवॉशरना किमान ०.५ लागतं, म्हणजे चालेल, पण जेमतेम. अर्धा इंची लांब पाइप दिला तर चालणार नाही, टाकीपासून पाऊण इंची स्वतंत्र लाइन आणा. टँकरच्या पाण्याचा हार्डनेस मोजून घ्या. यंत्राचं सेटिंग बहुधा जर्मन अंशांत असतं, १ अंश म्हणजे १७.८ पीपीएम (दहा लाखांत भाग). ३०० पीपीएम असेल तर १७ वर ठेवा. त्यात घरातलं बारीक मीठ घालू नका, ते गोठून सॉफ्टनर तुंबतो.

वरच्या कपाटांखालची एलईडी पट्टी पुढच्या कडेला, ४५ अंशांत मागे वळवलेली आणि दुधी कव्हरची लावा. चकचकीत काळ्या ओट्यात उघडे ठिपके आरशासारखे दिसतात. ४००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०. पिवळ्या उजेडात माशाचा ताजेपणा कळत नाही.

रोहाउस_बाणेर

एवढं कुणी समजावलं नव्हतं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. ओट्याची उंची काय ठेवू, कारण दोघांत ७ इंचांचा फरक आहे. आणि कामाचा क्रम? डिझायनर म्हणतो आजच माप घेऊन कारखान्यात देऊ.

गुण्या_ओळंबा

आज माप दिलं तर चुकणार. टाइल्स आणि त्यामागचं प्लास्टर मिळून प्रत्येक भिंत पाऊण ते सव्वा इंच पुढे येते. क्रम असा: आराखडा पक्का, उपकरणांची मॉडेल पक्की आणि त्यांचे कटआउटचे कागद हातात. मग फोडाफोडी, नळ, वायरिंग, गॅस कंपनीकडून पाइप हलवणं. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो. नळांना दाब देऊन रात्रभर ठेवा. मग वॉटरप्रूफिंग, फरशी, टाइल्स. त्यानंतर कारखान्याचं अंतिम माप. माल यायला चार ते सहा आठवडे. खालची कॅबिनेट पाणसळीत बसली की दगडाचा साचा, त्याआधी नाही. दगडानंतर वरची कपाटं आणि उपकरणं.

उंचीचा हिशोब कोपराचा. कोपर वाकवून उभं राहिलं की जमिनीपासून जितकं, त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्याचा ओटा. ५ फूट २ इंचांच्या व्यक्तीचं कोपर साधारण ३९ इंचांवर, म्हणजे ३४-३४.५. दुसऱ्यांना ३८ लागतील. मधला आकडा काढू नका, तो दोघांनाही त्रासदायक. डावा ओटा ३४.५ ठेवा, पेनिन्सुला ३७, उंच व्यक्तीने तिथे चिरावं. सिंक ३६ वर, कारण हात सिंकच्या तळाशी जातात, कडेला नाही. डिशवॉशरला ओट्याखाली ८२ सेंटिमीटर निव्वळ उंची लागते, ती ३६ मध्ये आरामात मिळते.

हॉब २ इंच खाली घ्यावा असं पुस्तकी मत आहे, कढईचा काठ वर येतो म्हणून. पण मग हॉबच्या दोन्ही बाजूंना पायरी येते, भांडं सरकवता येत नाही आणि खाचेत तेल साचतं. त्याऐवजी हॉबशेजारच्या खणाच्या जागी ३१ इंचांवर बाहेर येणारी फळी करा, कुलूप लागणाऱ्या ४५ किलोच्या सरक्यांवर. पोळपाटाला जोर वरून द्यावा लागतो, त्याला हीच उंची हवी. कुलूप नसेल तर लाटताना फळी आत पळते.

दोन उंचींचा जोड डावा आणि मागचा ओटा भेटतात त्या कोपऱ्यात येतो. तिथला दीड इंचाचा उभा काप त्याच दगडाचा हवा आणि सांधा इपॉक्सीने भरलेला. पांढऱ्या सिमेंटने भरला तर सिंकचं पाणी तिथूनच खाली झिरपतं.

सूत_आणि_इंच

एक भर. माल आल्यावर खोके उघडताना कारखान्याची यादी हातात ठेवा आणि सिंकच्या कपाटाची मागची पाटी आधी पाहा. बाहेर ७१० आणि मागे ६ मिमीची साधी कमर्शियल प्लाय, ही नेहमीची पळवाट. करारात प्रत्येक कपाटापुढे पाटीचा ग्रेड, जाडी, गोंद, बिजागरीचं मॉडेल लिहून घ्या. ‘ब्रँडेड हार्डवेअर’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. शेवटचा हप्ता १० टक्के ठेवा, आणि तो सिंक काठोकाठ भरून एकदम सोडल्यावर खाली कोरडं राहिलं की द्या.

रोहाउस_बाणेर

मागची पाटी कोटेशनमध्ये पाहिली. ‘६ मिमी, स्टँडर्ड’ असं लिहिलंय.

सूत_आणि_इंच

मग ते खोडून ‘९ मिमी, आयएस ७१०, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट’ लिहून परत पाठवा. दर वाढवून येईल, वाढू द्या. हॉब आयलंडवरून भिंतीला आल्यावर ती लटकती चिमणी तशीही लागत नाही.